आमच्या गच्चीवरचं हळदीकुंकू आणि 'एका बाईची गोष्ट' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर संपत आला की माझा फोन सुरू होतो, काकू यंदा आहे ना, वहिनी मी कोणावर बोलू, मामी माझ्या नणंदेला आणलं तर चालेल का, आणि तीच तीच उत्तरं देऊन माझा घसा बसतो म्हणून ह्या वेळी सगळं एकदाच टाइप करून ठेवतेय. इंदूरला, लोकमान्य नगरात, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, संक्रांत ते रथसप्तमीमधल्या एका रविवारी हा कार्यक्रम असतो. आधी हे वाचा, मग फोन करा.

हे नक्की काय असतं? व्याख्यानं वगैरे आहेत का?

नाही हो, हळदीकुंकूच आहे. तिळगूळ आहे, अत्तर आहे, ओटी आहे. फक्त वाण लुटायचं ते गोष्टीचं. एका वर्षी घरोघरी जाऊन आले आणि रात्री पिशव्या उपसल्या तर एकाच मापाचे चौदा प्लास्टिकचे डबे निघाले, झाकणं सुद्धा त्याच पोपटी रंगाची, तेव्हा ठरवलं की आता बस. आता प्रत्येकीनं सात मिनिटांत एका बाईची गोष्ट सांगायची, अशी बाई की जिच्यामुळे मागून येणाऱ्यांचं काहीतरी बदललं. राज्यकारभार, विज्ञान, डॉक्टरकी, गाणं, खेळ, कायदा, काहीही चालेल. तीच गोष्ट एका कागदावर हातानं लिहून आणायची, त्याच्या झेरॉक्स आम्ही काढतो आणि तेच वाण.

झाशीच्या राणीवर बोललं तर चालेल का?

चालेल, पण नाव आधी बुक करा. पहिल्या वर्षी अकरा जणी बोलल्या, त्यातल्या पाच झाशीच्या राणीवर आणि तीन जिजाऊंवर, पाचवी वेळ घोड्यावरून मुलाला पाठीशी बांधून उडी मारेपर्यंत मागच्या रांगेतल्या बायका कुरडयांचे भाव काढायला लागल्या होत्या. तेव्हापासून एक बाई एकीलाच.

राणी ग्वाल्हेरला जून १८५८ मध्ये लढताना पडली, समाधी फुलबागेत आहे, हे सगळ्यांना पाठ आहे. ग्वाल्हेरचंच कोणी पाहिजे असेल तर बायजाबाई शिंदे घ्या ना. नवरा दौलतराव १८२७ मध्ये गेले, त्यानंतर १८३३ पर्यंत कारभार ह्या बाईच्या हातात होता. पैशाच्या व्यवहारात एवढी पक्की की सावकारीचा धंदा चालवायची, इंग्रज तिला वचकून असायचे, आणि काशीला ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप १८२८ मध्ये तिनं बांधला. आमच्या गच्चीवर आत्तापर्यंत तिचं नाव एकीनंही घेतलेलं नाही.

अहिल्याबाईंवर आता नवीन काय सांगणार, सगळं तर माहितीये?

माहितीये असं वाटतं. विमानतळाला नाव, युनिव्हर्सिटीला नाव, राजवाड्यासमोर पुतळा, २०२५ मध्ये तीनशे वर्षं झाली तेव्हा तर शहरभर बॅनरच बॅनर. आणि आपल्याकडे एकदा 'देवी' म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही, हार घातला की संपलं. म्हणून माझी अट अशी की मोठेपणा नका सांगू, ती काम काय करायची ते सांगा. साध्या एखाद्या मंगळवारी दुपारी ती बाई कुठे होती?

अहिल्याबाईंचं हे खरंच सांगता येतं. माल्कम नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं माळव्यात जुन्या लोकांना विचारून त्यांचा दिनक्रम लिहून ठेवलाय. पहाटे उठून पूजा, पुराण, दानधर्म, जेवण, थोडी विश्रांती, आणि दुपारी दोनच्या सुमाराला दरबार तो संध्याकाळी सहापर्यंत. मग परत पूजा, थोडं खाणं, आणि रात्री नऊला पुन्हा कामाला, ते अकरापर्यंत. म्हणजे रोजचे सहा तास नुसता कारभार, तक्रारी ऐकणं, वसुली, हिशेब, पत्रं. तेही १७६७ पासून १७९५ पर्यंत, अठ्ठावीस वर्षं. आणि हे शिक्षण काही एकाएकी झालं नव्हतं, मल्हाररावांच्या पत्रांत सुनेला तोफखान्याची, दारूगोळ्याची व्यवस्था करायला सांगितलेलं आहे. सासऱ्यानं सुनेला तोफांबद्दल लिहायचं, अठराव्या शतकात. आमच्या सासऱ्यांनी मला गॅसचा नंबर लावायला सुद्धा कधी सांगितलं नाही, ते मुलालाच सांगायचे.

अजून दोन गोष्टी, कारण दरवर्षी कोणीतरी चुकतंच. एक, त्यांची राजधानी महेश्वर होती, इंदूर नाही. इंदूर राजधानी झालं १८१८ मध्ये मंदसोरच्या तहानंतर, तेव्हा त्यांना जाऊन तेवीस वर्षं झाली होती. महेश्वरला त्यांनी विणकर आणून वसवले, आपण लग्नात मिरवतो ती माहेश्वरी तिथली. दोन, आडा बाजारची गोष्ट. मालेरावांच्या रथाखाली वासरू गेलं, आईनं मुलालाच तीच शिक्षा फर्मावली, आणि गाय आडवी आली म्हणून आडा बाजार. गोष्ट सुंदर आहे, मी लहानपणी आजीकडून ऐकलीये आणि नातवाला सांगते पण, पण ती दंतकथा म्हणूनच सांगा. मालेराव १७६७ मध्ये आजारपणात गेले. मुलगा असा डोळ्यादेखत गेल्यावर त्या वर्षी कारभार हाती घेणं, ह्याच्यात मला वाटतं रथाच्या गोष्टीहून जास्त काहीतरी आहे.

विधवा बायकांना बोलावता का? (हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात)

हो. मोठ्या आवाजात सांगते, हो.

दुसऱ्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या काकूंना, ज्यांनी आमच्या अर्ध्या बिल्डिंगच्या पोरांना गणित शिकवलं, त्यांना बोलवायला गेले तर त्या म्हणाल्या अगं मी कशी येऊ, मी गच्चीच्या जिन्यावर बसून ऐकेन. जिन्यावर! आणि वर गच्चीत आम्ही फोटो कोणाचा लावला होता? अहिल्याबाईंचा. नवरा खंडेराव कुंभेरच्या वेढ्यात १७५४ मध्ये गेले तेव्हा अहिल्याबाईंना एकोणतीसावं सुद्धा पूर्ण झालं नव्हतं, त्या सती जायला निघाल्या होत्या आणि मल्हाररावांनी अडवलं. पुढचं सगळं, काशी, सोमनाथ, गया, घाट, विहिरी, बारवा, सगळं एका विधवा बाईनं केलंय. म्हणजे त्या आज इंदूरला असत्या तर त्यांच्याच फोटोखाली त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नसतं. हे मी त्या दिवशी माइकवर बोलले, दोघी उठून गेल्या, एक पुढच्या वर्षी परत आली.

काकूंना वर आणून खुर्चीत बसवलं. त्या ज्यांच्यावर बोलल्या त्या सावित्रीबाई, पण शाळा नाही सांगितली, १८४८ ची भिडे वाड्यातली शाळा सगळे सांगतात. त्यांनी सांगितलं ते १८६३ चं, की ज्या विधवा फसल्या, ज्यांना दिवस गेले, त्यांनी कुठे जायचं तर फुल्यांच्या घरी, गुपचूप बाळंत व्हा आणि पाहिजे तर मूल इथेच सोडा. त्यातल्याच एका विधवेचा मुलगा सावित्रीबाईंनी दत्तक घेतला, यशवंत, तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात मायलेकरं दोघं पेशंटची सेवा करत होते, त्यातच १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. सात मिनिटांची बेल वाजवायची माझी हिंमत झाली नाही.

कुंकू लावायचं की नाही ते जिचं तिनं ठरवायचं. वाटी समोर ठेवलेली असते, कोणी कोणाला लावत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ मध्ये ग्रामपंचायतीचा ठराव करून विधवांच्या प्रथा बंद केल्या, एवढंसं गाव ते, मग इंदूरच्या एका गच्चीला काय जड आहे.

इंदूरच्या अजून कोणी आहेत का? अहिल्याबाई आणि लताबाई सोडून सांगा.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. भागवत बहिणी! दुर्गा भागवत १९१० मध्ये आणि कमला १९११ मध्ये, दोघींचा जन्म इंदूरचा. आणि विचारा इथे कोणाला, दहातल्या नऊ जणांना माहिती नसतं.

कमलाबाई, लग्नानंतर सोहोनी, मुंबईला बी. एस्सी. झाल्या आणि १९३३ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. तिथले डायरेक्टर सी. व्ही. रामन, नोबेलवाले. मुलगी आहे म्हणून नाही म्हणाले. ही बाई बंगलोरला जाऊन धडकली, कारण लिहून द्या म्हणाली, हटेचना. शेवटी घेतलं पण अटींवर, पहिलं वर्ष प्रोबेशन, गरज पडली तर रात्री पण काम, आणि बाकीच्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. (मुलांच्या लक्षाची जबाबदारी पण हिचीच, हे आजही ओळखीचं वाटतं ना?) वर्षभरात काम बघून रामननी मान्य केलं आणि नंतर मुलींना प्रवेश मिळायला लागला. पुढे केंब्रिज, तिथे बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी, म्हणजे पेशींना ऊर्जा मिळवायला मदत करणारं प्रथिन, असतं हे दाखवलं, १९३९ मध्ये पीएच. डी., विज्ञानात असं करणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय बायकांतली एक, आणि प्रबंध किती पानांचा, चाळीस. माझ्या भाचीचा नुसता परिशिष्टाचा भाग दीडशे पानांचा होता. भारतात परत येऊन डाळी, कडधान्यं, दूध आणि नीरा ह्यांच्यातलं पोषण तपासलं, म्हणजे गरिबाच्या ताटात जे पडतं तेच प्रयोगशाळेत नेलं.

आणि दुर्गाबाई, १९७५ ला कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष. आणीबाणी लागलेली, मंचावर मंत्री, आणि ह्यांनी जयप्रकाश नारायणांच्या तब्येतीसाठी सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला लावली. पुढे अटक झाली. लोकसाहित्याचं एवढं मोठं काम, 'ऋतुचक्र' सारखं पुस्तक, ते तर आहेच.

संमेलनावरून आठवलं, पहिली बाई अध्यक्ष झाली ती कुसुमावती देशपांडे, १९६१, आणि ते संमेलन कुठे होतं तर ग्वाल्हेरला. २००१ ला विजया राजाध्यक्ष, ते इथे इंदूरला. आजपर्यंत फक्त सहा बायका अध्यक्ष झाल्यात आणि त्यातल्या दोघी आपल्या भागात. पुण्यातले नातेवाईक 'तुमचं मराठी हिंदीसारखं आहे' म्हणतात तेव्हा मी हे त्यांच्या ताटात वाढते.

लताबाईंवर बोलायचं म्हणजे गाणं म्हणायचं का?

प्लीज नको. एकदा झालं, सात मिनिटांचे पंचवीस झाले आणि कराओकेचं मशीन पण अडकलं. त्यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९, इथल्या शीख मोहल्ल्यातला, हे पण सगळ्यांना माहितीये. त्यांचं भांडण सांगा ना, भांडणावर कोणी बोलत नाही. १९४९ मध्ये 'महल' चं गाणं घराघरात गाजलं तेव्हा रेकॉर्डवर गाणारीचं नाव काय होतं, तर कामिनी, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. गाणारीला नावच नव्हतं. फिल्मफेअरमध्ये गायकांसाठी वेगळा पुरस्कार नव्हता, लताबाईंनी तो विषय लावून धरला, आणि १९५९ मध्ये तो सुरू झाला तेव्हा पहिला त्यांनाच मिळाला. गाण्याच्या रॉयल्टीवरून रफीसाहेबांशी मतभेद झाले, काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. लोकांना वाटतं आवाज गोड म्हणजे माणूस गरीब गाय, तसं थोडीच असतं.

शास्त्रीय गाण्यातलं कोणी घेत असाल तर केसरबाई केरकर. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरचं संगीत म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, त्यात भारतातर्फे केसरबाईंची भैरवी आहे. ती यानं उडाली ऑगस्ट-सप्टेंबरात आणि त्याच सप्टेंबरात बाई गेल्या.

व्हॉट्सॲपवर आलेली माहिती चालेल का?

नाही. म्हणजे वाचा, पण पडताळून घ्या. एक उदाहरण देते. 'आनंदीबाई जोशींनी हजारो पेशंट बरे केले' असा फॉरवर्ड दरवर्षी येतो. आनंदीबाई ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक पण झाली, पण आजारीच परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या, बाविसावं पण पूर्ण नव्हतं. प्रॅक्टिस करायला मिळालीच नाही. हे खरं सांगितलं की गच्चीवर जे शांत होतं ना, ते हजारो पेशंटच्या खोट्यानं होत नाही.

वर्षानुवर्षं पेशंट तपासले ते रखमाबाईंनी. अकराव्या वर्षी लग्न, मोठी झाल्यावर म्हणाली मी नांदायला जाणार नाही, नवऱ्यानं कोर्टात खेचलं, १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग, ही म्हणाली तुरुंग चालेल. शेवटी पैसे देऊन तडजोड झाली, मग लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोटला पस्तीसेक वर्षं बायकांचे दवाखाने सांभाळले. आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला त्यात ह्या खटल्यामुळे उठलेल्या वादळाचा मोठा हात होता.

नवऱ्यानं, वडिलांनी साथ दिली ते सांगायचं नाही का?

सांगा, दोन वाक्यांत. हा नियम लोकांना टोचतो, मला माहितीये. पण एका वर्षी आनंदीबाईंच्या सातातली पाच मिनिटं गोपाळरावांवर गेली, जोतिबांशिवाय सावित्री कशी, मल्हाररावांशिवाय अहिल्या कशी, असं करत करत बाई बाजूला राहते आणि सत्कार पुरुषाचा होतो. रामन ह्यांच्यावर आपण बोलतो तेव्हा बायकोनं डबा दिला का विचारतो का?

सगळ्या बायका आदर्शच पाहिजेत का?

अजिबात नाही. तुळसाबाई होळकर घ्या, यशवंतराव होळकर १८११ मध्ये गेल्यावर त्यांच्या लहान मुलाच्या, मल्हाररावाच्या नावानं राज्य चालवणारी. तिच्याबद्दल चांगलं बोलणारं कोणी सापडत नाही, आणि तिच्याच फौजेतल्या लोकांनी २० डिसेंबर १८१७ ला क्षिप्रेच्या काठी तिचं डोकं उडवलं, दुसऱ्याच दिवशी महिदपूरला इंग्रजांशी लढाई, हार. तिथेच यशवंतरावांची मुलगी भीमाबाई घोड्यावरून लढली, तिचं कौतुक होतं. मला तुळसाबाईचं ऐकायचंय, कोणीतरी नीट अभ्यास करून या. तीन वर्षं वाट बघतेय.

परदेशातल्या चालतील का?

हो. शाळेतली पोरं मारी क्युरी आणतात, बरं पण वाटतं, की १९११ मध्ये फ्रेंच अकादमीनं तिला सभासद करून घेतलं नाही आणि त्याच वर्षी तिला दुसरं नोबेल मिळालं. पण परदेशातलंच गाजलेलं काम आणि बाई आपल्या बाजूची, असं पाहिजे असेल तर बडोद्याच्या हंसा मेहता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमात 'सगळे पुरुष' असा अर्थ होणारा शब्द होता, ह्यांनी आग्रह धरून तिथे 'सगळी माणसं' करून घेतलं, १९४८ मध्ये. एक शब्द, पण जगभराच्या कागदावर. वर्षभरातच त्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

जिवंत व्यक्ती? खेळाडू?

जिवंत चालतात, सध्याच्या राजकारणातलं कोणी नको, मागे त्यावरून तिळगुळाची चव गेली होती. खेळात आपल्या इंदूरच्या संध्या अगरवाल आहेत ना, १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये वूस्टरला १९० रन, बायकांच्या टेस्टमध्ये तेव्हा जगात सगळ्यात जास्त, आधीचा १८९ चा रेकॉर्ड १९३५ पासून कोणाला तुटला नव्हता.

घरच्या बाईवर बोललं तर?

शेवटची जागा त्यासाठीच ठेवतो, एकच, आणि ती चिठ्ठ्या टाकून. गेल्या वर्षी एकीनं सासूबाईंचं सांगितलं, मिल बंद पडली, सासरे घरी बसले, आणि सासूबाईंनी पापड सुरू केले, शेजारच्या अकरा बायकांना कामाला घेऊन. मुलांच्या जुन्या वह्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर हिशेब, कोणी किती लाट्या केल्या ते रोजच्या रोज. ती वही आणली होती दाखवायला, एका बाजूनं भूगोल, उलटी केली की पापड.

मराठीतच बोलायचं का?

बोलता येत असेल तर मराठीत. अर्ध्या घरांत सुना हिंदी, मालवी बोलणाऱ्या आहेत, त्या हिंदीत बोलतात, कोणी हसत नाही. एक सून तर माल्कमचं वर्णन मालवीत सांगून गेली, तेवढं छान कोणी सांगितलं नव्हतं.

पुरुष आले तर?

या, कप विसळायला दोन माणसं कमीच पडतात.

खायला काय असतं, आणि गाडी कुठे लावायची?

साबुदाण्याची खिचडी, गराडू तळलेले, तिळाची वडी. रविवार आहे म्हणून पोहे-जलेबी खाऊन पोट भरून येऊ नका, मागच्या वेळी खिचडी दोन दिवस पुरली. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावा, मंदिरासमोर नको, पुजारीबुवा हवा काढतात. आणि खुर्च्या कमी आहेत, घरातून एक एक घेऊन या, त्यावर नाव लिहून.